बेवारस जागेचे वारस

१६ ऑगस्टची सकाळ झाली की आष्टीत पावले आपसूक हुतात्म्यांच्या स्मारकाकडे वळतात. आदल्याच दिवशी शाळाशाळांतून, ग्रामपंचायतींतून झेंडावंदन झालेले असते. पण साऱ्या देशाचा तो सण आटोपल्यावर उगवणारा हा दिवस आपल्या गावाचा स्वतःचा असतो. १९४२ च्या श्रावणात, ऐन नागपंचमीला, आपण जमिनीला नांगर लावत नाही, कुदळ मारत नाही अशा त्या सणाच्या दिवशी, पंचक्रोशीतली साधी कष्टकरी माणसे पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकवायला निघाली. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे धारातीर्थी पडली आणि गावाच्या नावाला ‘शहीद’ ही उपाधी कायमची जोडली गेली. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटले, त्याच दिवसांत बेनोडा आणि यावलीही उठली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी वऱ्हाडात आणि झाडीत जी मने आधीच नांगरून ठेवली होती, त्यांना त्या श्रावणात अंकुर फुटला.

दरवर्षी आपण फुले वाहतो, नावे वाचतो, दोन शब्द बोलतो आणि पुन्हा आपापल्या शेताकडे वळतो. तसे वळण्यात काही गैर नाही. ज्यांनी त्या दिवशी घर सोडले तेही शेतातूनच आले होते, आणि ज्या मातीसाठी ते गेले त्या मातीची निगा राखण्यापलीकडे त्यांना वेगळे स्मारक कशाला हवे होते? मात्र या तारखेला माथा टेकवून निघताना आपण एक हिशेब मनाशी मांडायला हवा. ‘ही भूमी आमची आहे’ हे त्यांनी प्राण देऊन सांगितले. आमची म्हटलेल्या त्या भूमीचे आपण काय केले?

हा प्रश्न आज मुद्दाम विचारण्याला एक निमित्त आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्या हौतात्म्याच्या दिवसाशी त्याचा आरंभ जुळावा हा निव्वळ योगायोग. हुतात्म्यांच्या बलिदानाशी निंदणाची तुलना करण्याचा उथळपणा कोणी करू नये, आपणही करणार नाही. पण योगायोगातूनही कधी कधी कर्तव्य समोर येऊन उभे राहते, आणि ते श्रावणात हिरव्या रंगात उभे असेल तर ओळखायला थोडे अवघड जाते.

कारण श्रावणात सगळेच हिरवे असते. पहिल्या पावसापासून डोंगर, धुरे, पांदण, नाल्याचे काठ असे काही भरून येतात की डोळ्यांना त्यात आपले-परके कळत नाही. कपाशीला पात्या धरू लागलेल्या असतात, सोयाबीन फुलावर आलेले असते, संत्र्याच्या बागांतून ओल भरून राहिलेली असते, आणि या साऱ्या हिरवाईच्या कडेकडेने गाजरगवत कंबरेएवढे होऊन पांढऱ्या बारीक फुलांनी डवरलेले असते. दुरून पाहणाऱ्याला तेही श्रावणाचेच वैभव वाटावे. ज्या माउल्या श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या पूजेसाठी आघाडा आणि दूर्वा खुडायला पहाटे बाहेर पडतात, त्यांना मात्र हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. पूर्वी घराच्या मागल्या अंगणापलीकडे मिळणारा आघाडा आता कुठवर जाऊन आणावा लागतो, हे त्यांच्या पायांना ठाऊक असते.

गाजरगवत ही वनस्पती मुळात अमेरिका खंडातली, मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातली. तिचे काही तुरळक जुने उल्लेख आपल्याकडे सापडतात, पण तिच्या खऱ्या फैलावाची गोष्ट सुरू होते ती पुण्यात. १९५५ च्या सुमारास तेथील उकिरड्यांवर ती दिसली आणि १९५६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भुकेल्या देशाने धान्य मागवले आणि धान्याच्या पोत्यातून हा पाहुणा उतरला. घाणेरीची कथा त्याहून जुनी. रायमुनिया म्हणूनही आपण जिला ओळखतो ती ही झुडपी वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात, रंगीत फुलांच्या हौसेपायी आणली गेली. तिथून ती कुंपणात आली आणि कुंपण ओलांडून रानात शिरली. एक गरजेपोटी आली, दुसरी हौसेपोटी. दोन्हींना दार उघडले ते माणसानेच. सारे जग या अनुभवातून जात आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार माणसाने आपल्या हाताने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती जिथे गेल्या तिथल्या जीवसृष्टीला अपायकारक ठरल्या आहेत.

गाजरगवताचे एक फूल तळहातावर घेऊन पाहावे. ज्याला आपण फूल म्हणतो तो खरे तर अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या कडेला पाच इवलेसे कोपरे निघालेले दिसतात. हे पाच कोपरे म्हणजे पाच फुले, आणि बी धरते ते त्यांनाच. एका गुच्छात पाचच बिया, म्हणून कोणी निर्धास्त व्हावे, तर झाडावर गुच्छ हजारोंनी असतात. एका झाडापासून ५ हजारांपासून २५ हजारांपर्यंत बिया तयार होतात. त्या इतक्या हलक्या की वारा नेतो, पाणी नेते, बैलगाडीच्या चाकाचा चिखल नेतो, गुरांचे खूर नेतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येणारे हे झाड ओल मिळेल तेव्हा, वर्षातून तीन-चार पिढ्या उरकते. त्याचे पराग अंगाला खाज आणि दमा देतात, त्याच्या मुळांतून आणि पानांतून निघणारे द्रव्य शेजारच्या रोपांना वर येऊ देत नाही, आणि चाऱ्यात मिसळून ते गाईच्या पोटात गेले तर दूध कडू होते.

पण ते कुठे माजते, हे नीट पाहिले तर आपल्याच वागणुकीचा आरसा समोर येतो. शेतात ते टिकत नाही, कारण शेताला धनी आहे. डवरणी होते, निंदणाला बाया लावल्या जातात, एकेक तास बारकाईने साफ होते. ते माजते धुऱ्याच्या पलीकडे. गायरानात, पांदणीच्या दोन्ही अंगांना, शाळेच्या मागच्या पडीत, रस्त्याच्या कडेला, स्मशानाच्या वाटेवर, बाजाराच्या ओट्यामागे. जी जागा सगळ्यांची आहे आणि म्हणून कोणाचीच उरलेली नाही, तिचा ताबा त्याने घेतला आहे. वारस पुढे आला नाही की मालमत्तेवर दुसऱ्याचे नाव चढते, हा व्यवहार आपल्याला कचेरीत चांगला समजतो. शिवारात मात्र आपण तो विसरलो.

अशा जागांची कोणी काळजी घ्यायची, या जुन्या प्रश्नाला अलीकडे एक नवे साधन मिळाले आहे आणि ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलमधील ॲपला वनस्पतीचा फोटो दाखवला की ते तिचे नाव सुचवते. गूगल लेन्स बहुतेकांना ठाऊक असते, पिकावरचा रोग ओळखायला प्लँटिक्स वापरणारे शेतकरी गावोगाव आहेत, आणि आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर तर जगभरचे निसर्गप्रेमी आपापल्या नोंदी एकत्र करतात. २००८ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेल्या या उपक्रमाची रीत मोठी लोकशाहीची आहे. आपण पानाचा, फुलाचा, अख्ख्या झाडाचा फोटो टाकायचा. ठिकाण आणि तारीख फोन स्वतःच टिपतो. यंत्र नाव सुचवते, पण त्या सुचवण्यावर काम भागत नाही. दुसऱ्या जाणकारांनी पाहून दुजोरा दिला, मते जुळली, तरच ती नोंद अभ्यासाला वापरण्याजोगी मानली जाते. डोंगराच्या कुशीत नेटवर्क नसले तरी अडत नाही. फोटो काढून ठेवावा, घरी आल्यावर नोंद वर चढवावी.

आपल्याच जिल्ह्यातल्या रानात हे काम वेगळ्या रीतीने आधीपासून चालू आहे. २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरच्या जंगलात, आणि देशभरच्या व्याघ्रक्षेत्रात, दर चार वर्षांनी होणाऱ्या गणनेत वनरक्षक आपापल्या बीटमध्ये पायी फिरतात, ते केवळ वाघाचा माग काढायला नाही. ठरावीक अंतरावर थांबून तिथली झाडे कोणती, झुडपे कोणती, तण कोणते, याचीही नोंद त्यांना करावी लागते. एम-स्ट्राइप्स या ॲपमुळे ती नोंद जागेवरच, ठिकाणासह होते. २०१८ च्या गणनेत अशा पायपिटीचा पल्ला ५ लाख २२ हजार किलोमीटरांवर गेला होता आणि ३ लाख १७ हजारांहून अधिक जागी अधिवासाच्या नोंदी घेतल्या गेल्या. व्याघ्रक्षेत्रातून गोळा झालेल्या अशाच नोंदींच्या आधारे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की एकट्या घाणेरीने देशातील दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्र व्यापले आहे, म्हणजे वाघाच्या मुलखाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग. घाणेरीच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून चितळ-सांबर नाहीत. आणि ते नाहीत म्हणून वाघ रानाबाहेर, आपल्या गोठ्यांच्या दिशेने येतो. हा सगळा धागा उलगडला तो कोणा एका मोठ्या शोधकर्त्याच्या प्रतिभेतून नाही. रोजच्या भाकरीसाठी जंगल तुडवणाऱ्या हजारो वनरक्षकांनी प्रामाणिकपणे भरलेल्या लहान लहान नोंदींतून तो उलगडला.

तेव्हा ॲपचे महत्त्व नाव सांगण्यात नाही. गाजरगवताचे नाव आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. खरा उपयोग आहे तो ठिकाण आणि तारीख यांचा. सातबाऱ्यावर नोंद चढावी तशी त्या बेवारस जागेची नोंद कुठेतरी चढते, नकाशावर ठिपका उमटतो, आणि त्या क्षणापासून ‘आम्हाला काय ठाऊक’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरत नाही. ग्रामपंचायतीला नाही, शाळेला नाही, आपल्याला तर नाहीच. जैवविविधता कायदा २००२ साली झाला, नागपुरात राज्याचे जैवविविधता मंडळ आहे, गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. बहुतेक ठिकाणी त्या वह्या एकदा लिहून कपाटात गेल्या. त्यांना दर श्रावणात नवे पान जोडण्याचे काम खिशातला फोन करू शकतो.

साधन हाती आले की त्यावर भाबडा विश्वास बसतो, तेवढा टाळलेला बरा. कोवळ्या वयात गाजरगवताची पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली असतात. त्या अवस्थेत फोटो घेतला तर ॲप कधी कधी त्याचे नाव भलतेच सांगते. आणि तरोटा, केना, कुंजर, घोळ, चिवळ ही शेतकऱ्याच्या लेखी तणेच असली तरी श्रावणात आपल्या ताटात येणारी ती आपली माणसे आहेत. परके म्हणून ती उपटली गेली, तर गाजरगवताचेच काम आपण आपल्या हाताने केले असे होईल. म्हणून यंत्राने सुचवलेले नाव एखाद्या जाणत्या आजीला, कृषी सहायकाला, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवून घ्यावे. तिथे संकोच नको. नातवाच्या हातातला फोन आणि आजीच्या डोळ्यांतली ओळख एकाच झाडापुढे वाकलेली असावी, यासारखे दुसरे शिक्षण नाही.

मग पुढचे काम हातांचे. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असणाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे. फुलण्याआधी उपटलेल्या झाडाचे खत होते. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे आपल्या नाडेपकाकांनी, काडीकचऱ्याचे सोने करण्याची जी रीत विदर्भाला शिकवली, तीत या आगंतुकालाही जागा आहे. फुले धरल्यावर मात्र त्याला खताच्या टाक्यात घालू नये, नाहीतर शेणखताबरोबर आपणच त्याचे बी शेतभर पेरू. तणनाशक फवारून पांदण पिवळी करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने सगळेच मरते, गवतही मरते. आणि उघड्या पडलेल्या मातीवर पहिला हक्क सांगायला येते ते पुन्हा गाजरगवतच.

या कामी एक परदेशी मित्रही आपल्याला लाभला आहे. १९८३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने मेक्सिकोहून एक भुंगा आणला, पारखून घेतला आणि पुढच्या वर्षीपासून तो सोडला जाऊ लागला. पिवळसर पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेला हा झायगोग्रामा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खाऊन झाड निष्पर्ण करतात. सूर्यफुलावर तो जातो की काय, अशी शंका मध्यंतरी उठली होती, तिची छाननीही झाली. पाऊस सरला की तो जमिनीत दडून बसतो आणि पुढच्या पावसाला वर येतो. गाजरगवताच्या एखाद्या ताटव्यावर पाने चाळणीसारखी झालेली दिसली तर तिथे फवारा मारू नये. त्याचाही फोटो घ्यावा, त्याचीही नोंद करावी. शत्रू कुठे आहे याइतकेच मित्र कुठे आहे हे ठाऊक असणे गरजेचे.

घाणेरीशी झुंज याहून चिवट. ती वरवर तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत झुडपाच्या बुंध्याखाली, मुळाला जिथून नवे फुटवे येतात त्या गाठीच्या खाली घाव घालून झुडूप उलटे करून ठेवतात. राखीव जंगलात असे काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, करूही नये. आपल्या गायरानात मात्र ते आपल्याच हातात आहे.

पण उपटून मोकळी केलेली जागा मोकळी ठेवून भागत नाही, आणि पुनर्निर्माणाची खरी कसोटी तिथेच लागते. मारवेल, पवन्या या गवतांचे ठोंब पावसात लावले, पहिले एक-दोन पावसाळे तिथे चराईबंदी पाळली, तर गवताची चादर परत येते आणि परक्याला बी टेकवायला जागा उरत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा टापू गवळाऊ गाईचा. नंदगवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरउतारांच्या गवतावर ती पांढरीशुभ्र, चपळ जात जोपासली आणि हेटीकुंडीसारख्या ठिकाणी तिच्या पैदाशीसाठी केंद्र उभे राहिले. गाय वाचवायची तर आधी गायरान वाचवावे लागते, इतके साधे हे गणित आहे. चराऊ रानात गवत संपले आणि मग गोठ्यातली गवळाऊही एकेक करून कमी होत गेली, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले.

पडलेली जमीन पुन्हा वसवण्याची गोष्ट आष्टीला नवी नाही. जहांगिराच्या काळात हा परगणा महंमदखान नियाझीला मिळाला, तेव्हा त्याने उजाड झालेले गाव सावरले आणि भोवतालचा मुलूख लागवडीखाली आणला. १६२७ मध्ये वारलेल्या त्या सरदाराची देखणी कबर आजही गावात उभी आहे. पुढे याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींनी गावसफाईला देशसेवेचे मोल दिले. पवनारला विनोबांनी शरीरश्रमाला उपासनेचे. आणि नदीपलीकडे मोझरीला राष्ट्रसंतांनी सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली. सरदाराला जहागिरीचा अधिकार होता, संतांना लोकांच्या प्रेमाचा. आपल्याजवळ यांपैकी काही नसेल, पण एका आठवड्यासाठी एक पांदण आपली मानण्याचा अधिकार तर आपल्याला कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

म्हणून यंदाच्या या आठवड्यात आपण एवढे करू. प्रत्येक शाळेने आपल्या आवाराभोवतीचा, प्रत्येक बचत गटाने आपल्या वस्तीच्या वाटेचा, प्रत्येक तरुण मंडळाने एका पांदणीचा भाग वाटून घ्यावा. आधी फोटो, ठिकाण आणि तारीख, मग हात. पोळ्याला बैलांची खांदेमळणी करण्याआधी ते ज्या वाटेने जातात ती वाट मोकळी असावी. जमिनीतले जुने बी पुढची काही वर्षे उगवतच राहणार, तेव्हा एका श्रावणाने हे संपणार नाही, हेही मनाशी पक्के असू द्यावे. आणि २ ऑक्टोबरला गांधीजयंतीची ग्रामसभा भरेल, तेव्हा रस्ते, नळ, घरकुलांच्या विषयांबरोबर आपल्या शिवाराचा हा नकाशा तिथे मांडावा, त्यातले ठिपके वाचून दाखवावेत, आणि कोणत्या ठिपक्याची राखण पुढच्या श्रावणापर्यंत कोण करणार, त्याचे नाव ठरावात लिहून घ्यावे.